जुन्या रंध्यांचा शोध: संकेश्वरावर रोवलेली खूण

जुन्या लोखंडी रंध्यांच्या छंदातील ही पुढची नोंद आहे. या वेळी पात्याची धार किंवा तळ सपाट करणे हे विषय बाजूला ठेवून रंधे सापडतात कसे, एवढ्यावरच लिहितो. गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आलेले चांगले नग बहुतेक ऑनलाइन बाजारांतून आले, आणि ते स्वस्तात मिळण्यात घासाघिशीपेक्षा शोधपट्टीत लिहिलेल्या शब्दांचा वाटा मोठा होता, असे माझे मत झाले आहे.

आपल्या छंदाचे दुर्दैव असे की त्यातील महत्त्वाचे इंग्रजी शब्द, म्हणजे रंध्याचे इंग्रजी नाव ‘प्लेन’ आणि रंधे बनवणाऱ्या स्टॅनली व रेकॉर्ड या कंपन्यांची नावे, दुसऱ्याच वस्तूंनी बळकावले आहेत. ‘प्लेन’ लिहिले की खेळण्यातील विमाने समोर येतात, ‘स्टॅनली’ लिहिले की पाण्याच्या बाटल्या, मोजपट्ट्या आणि कटर येतात, आणि ‘रेकॉर्ड’ लिहिले तर जुन्या गाण्यांच्या तबकड्यांखाली रंधा पुरता गाडला जातो. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारात याला चांगला उपाय आहे. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेल्या जाहिराती गळतात. कंसात स्वल्पविराम देऊन अनेक शब्द लिहिले, तर त्यांपैकी कोणताही एक असलेल्या जाहिराती येतात, आणि अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. त्यामुळे कंसात स्टॅनली आणि रेकॉर्ड, पुढे प्लेन, आणि त्यानंतर टॉय, बॉटल, विनाइल हे शब्द वजा करून, असा एकच शोध तयार होतो. त्यात एक बारकावा ध्यानात ठेवावा: स्टॅनलीचा 4, 5 किंवा 7 क्रमांकाचा रंधा रेकॉर्ड कंपनीच्या यादीत 04, 05, 07 असा असतो, म्हणून कंसात दोन्ही आकडे घालावेत. शेफील्डच्या या कंपनीने 1931 मध्ये रंधे काढायला सुरुवात केली तेव्हा स्टॅनलीचेच आकडे शून्य लावून घेतले होते.

मात्र ईबेचे भारतातील दुकान 2018 मध्ये बंद झाले, आणि परदेशातून बिडाचा रंधा मागवायचा तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीला मागे टाकतात. मी ईबे वापरतो तो मुख्यतः भाव कळावा म्हणून. तेथे विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात, आणि साधारण गेल्या तीन महिन्यांत एखादा नग प्रत्यक्षात कितीला गेला हे त्यातून समजते. मागितलेली किंमत पाहून भाव ठरवणाऱ्या माणसाला जगातील प्रत्येक रंधा दुर्मीळ वाटू लागतो.

आपल्या भागातील जाहिरातींच्या साइटांवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर वजाबाकी आणि कंस यांवर भरवसा ठेवता येत नाही. तेथे एक लांबलचक शोध लिहिण्यापेक्षा लहान लहान अनेक शोध लिहावेत, आणि ते विकणाऱ्याच्या बाजूने विचार करून लिहावेत. ज्याने जाहिरातीत ‘स्टॅनली नंबर पाच, मेड इन इंग्लंड’ असे लिहिले आहे त्याला भावही ठाऊक असतो. स्वस्त नग असतो तो ज्याच्या आजोबांचे हत्यार माळ्यावरून खाली आले आहे आणि ज्याला ते काय आहे हे नीटसे माहीत नाही त्याच्याकडे. असा माणूस ‘सुतार सामान’, ‘जुनी लोखंडी वस्तू’, ‘कारपेंटर टूल’, ‘अँटिक आयर्न’ असे काहीतरी लिहितो. रंधा हा शब्द तो रोमन लिपीत एच घालून लिहितो, एच गाळून लिहितो, कधी शेवटी दोनदा ए लिहितो. या सर्व रूपांचे वेगवेगळे शोध करावे लागतात. कन्नड लिपीत ‘बडगी’ (सुतार) आणि ‘मरगेलस’ (लाकूडकाम) हे शब्द टाकल्यावर प्रामुख्याने काम करून देणाऱ्या कारागिरांच्याच जाहिराती येतात हे खरे, तरी गोकाक, हुक्केरी बाजूच्या हत्यारांच्या एखाद्या ढिगापर्यंत त्याच वाटेने पोहोचता येते.

त्याहून फलदायी युक्ती म्हणजे रंधा न शोधता त्याचे शेजारी शोधणे. करवत, पटाशी, गिरमिट, वाकस यांपैकी एकच नाव जाहिरातीत असते आणि बाकीचे सामान नुसत्या छायाचित्रात असते. निपाणीच्या एका जाहिरातीचे शीर्षक ‘जुनी करवत’ एवढेच होते आणि ती घरगुती फर्निचरच्या विभागात टाकलेली होती. छायाचित्रात गोणपाटावर दोन करवती, एक गिरमिट आणि त्यांच्या मागे अर्धवट झाकलेली एक गोल लाकडी मूठ होती. चित्र मोठे करून पाहिल्यावर मुठीमागे पितळी चाक आणि त्यावर तिरकी उभी बारीक पट्टी दिसली. पाते बाजूला सरकवण्याची ही पट्टी देशी लाकडी रंध्याला नसते. फोनवर विचारले, “मामा, करवतीमागं ते घासायचं लोखंड आहे, तेही देणार काय?” उत्तर आले, “होय की, पडलंय. आज्याचं हाय. समदंच घेऊन जावा.”

प्रत्यक्ष पाहिल्यावर तो रेकॉर्ड 05 निघाला, 14 इंची, निळा रंग खाचांमध्येच उरलेला. तळावर पाते बाहेर येते त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांवर रॉकेलचा बोळा फिरवून वरून कोरडे पुसले. चीर असेल तर तेथे ओली रेघ पुन्हा उमटते, तशी काही उमटली नाही. मागची मूठ वर टवका उडालेली होती, पण पात्याची लांबी भरपूर शिल्लक होती. करवतींसकट सर्व 700 रुपयांना मिळाले.

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. शोधात राज्याची चाळणी (फिल्टर) लावली की कर्नाटकात बेंगळुरू येते, जे बेळगावपासून सुमारे 500 किलोमीटरवर आहे, आणि सुमारे 110 किलोमीटरवरचे कोल्हापूर मात्र गळते. निपाणीच्या माणसाला तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे आणि त्याची जाहिरात कोणत्या शहराच्या नावाखाली पडेल याचा नेम नाही. म्हणून जेथे नकाशावर खूण आणि अंतर ठरवता येते तेथे मी स्वतःचे गाव न देता खूण बेळगाव आणि कोल्हापूर यांच्या मधल्या संकेश्वरावर ठेवतो आणि अंतर 80 किलोमीटर घेतो. त्या वर्तुळात एका बाजूला बेळगाव आणि खानापूर, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज, आणि मध्ये चिकोडी, गोकाक, गडहिंग्लज हे सर्व येते. कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच यादीत पाहण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. वाद चालतील तितके चालोत, वर्तुळाला सीमा ठाऊक नाही.

गूगलवरून एखाद्या साइटच्या आत शोधायचे असेल, तर ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि लगेच त्या साइटचा पत्ता लिहून पुढे शब्द द्यावेत. येथे शहराच्या नावाचा प्रश्न येतो. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी जाहिरातींत रोमन लिपीतील जुने इंग्रजी रूप, नवे रूप आणि मधला ए गाळलेले तिसरे रूप अशी तिन्ही सर्रास आढळतात, म्हणून ती तिन्ही मोठ्या अक्षरांतील ‘ओआर’ने जोडावी लागतात. गूगलवर जुन्या, कधीच विकल्या गेलेल्या जाहिराती फार येतात, तेव्हा त्यावर वेळ बेताचाच घालवावा.

किमतीच्या चाळणीत कमाल मर्यादा ठेवावी, किमान ठेवू नये, कारण भाव ठाऊक नसणारे लोक रकान्यात 1 रुपया भरून मोकळे होतात. क्रम नेहमी ‘नवीन आधी’ असा लावावा. हंगामाचेही भान असावे: खंडेनवमीला हत्यारांची पूजा होईपर्यंत सुतारांच्या घरातून काही बाहेर पडत नाही, आणि दिवाळीच्या आवराआवरीत मात्र माळे रिकामे होऊ लागतात.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे ‘मी लष्करात आहे, बदली झाली, आगाऊ पैसे पाठवा, वस्तू पार्सलने येईल’ हे सांगणे येथे सहज खरे वाटते. वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि छायाचित्र गूगल लेन्सवर टाकून ते दुसरीकडून उचललेले नाही ना, हे पाहावे.

माझ्याकडे अजून 7 क्रमांकाचा, 22 इंची रंधा नाही. त्यासाठी सध्या ‘लांब रंधा’, ‘दरवाजा रंधा’ आणि ‘मोठे लोखंड’ हे शोध चालू आहेत, आणि शंका आली की विकणाऱ्याला रंध्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र पाठवायला सांगतो. धारवाड किंवा गोव्याकडच्या मंडळींच्या भागात विकणारे या लांब रंध्याला काय म्हणून लिहितात ते कळवल्यास ते शब्दही यादीत घेईन.