घरचा व्हेंटिलेटर घेताय? आधी प्लग काढा
आज तीन मशीनं पाहून झाली. दुकानात स्क्रीन दाखवतात. आपण प्लग काढायचा. पेशंटच्याच सेटिंगवर, टेस्ट लंग (फुप्फुसासारखी फुगणारी चाचणीची पिशवी) लावून, बॅटरी किती टिकते ते घड्याळ लावून मोजा. मास्क किंवा नळीला गळती असली की टर्बाइन (हवा ढकलणारा पंखा) जास्त फिरतं, बॅटरी लवकर संपते. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर आठवतोय ना? दारात पाणी, घरात अंधार.

ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली नळी) असेल तर साध्या बायपॅपवर (मास्कने हवेचा दाब देणारं मशीन) भागवू नका. मशीनची नळी निसटल्याचा अलार्म खरंच वाजतो का, तेही टेस्ट लंगवरून नळी काढूनच बघा. एचएमई फिल्टर (श्वासातलीच ऊब आणि ओलावा धरून ठेवणारा) आणि गरम ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा दमट करणारा) एकत्र नको. फिल्टर भिजतो, श्वास अडतो. रोज १६ तासांहून जास्त वापर असेल तर दुसरं मशीन हवंच. आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उशाशी, कपाटात नाही!