यात्रेच्या कुस्त्यांवर पैलवानाचं भागतं का?

पोराला तालमीत घालायला आलेला बाप हमखास विचारतो, "यात्रेच्या दंगलींवर भागतं का?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सरळ सांगतो: खुराक भागतो, घर नाही.

रोजचं 2 लिटर म्हशीचं दूध, 100 ग्रॅम बदाम, 50 ग्रॅम तूप, अंडी, केळी. आजच्या भावानं महिन्याला दहा हजार धरा, मटण वेगळं. हा खर्च बारमाही. दंगली मात्र हंगामी. पौष पौर्णिमेला आमच्या नाशिक जिल्ह्यात नैताळ्याची मतोबाची आणि चंदनपुरीची खंडोबाची यात्रा भरते, पुढे चैत्र-वैशाखात गावोगावी आखाडे, आणि मृग लागला की सगळं बंद.

खरी कमाई ठरते जोड लावताना, म्हणजे कोण कोणाशी लढणार ते ठरवताना. यात्रेत वजनकाटा नसतो, पंच नजरेनं जोड लावतात, आठ-दहा किलोंचा फरक सहज खपून जातो. म्हणून समोरच्याची मान आणि मांडी बघावी, इनामाचा आकडा माईकवर पुकारू द्यावा, मगच हात मिळवावा. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं होतं आणि गाडीभाडं आपल्याच खिशातून जातं.

कुस्तीत घासून कान सुजला तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून घट्ट पट्टी बांधून घ्यायची. उशीर केला की गाठ धरते, कान कायमचा मोडतो. काही पोरं तो मुद्दाम मोडू देतात, पैलवानकीची खूण म्हणे!

घर चालतं नोकरीवर. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. यात्रेतला फेटा न् गदा तिथे कोणी विचारत नाही. 2020 साली हर्षवर्धन सदगीरनं नाशिकला महाराष्ट्र केसरीची गदा मिळवून दिली, तेव्हापासून गदेचं वेड वाढलंय. पण त्या किताबाच्या गटात 86 ते 125 किलोचेच मल्ल उतरतात. हलक्या वजनाच्या पोराला वजनगटाची मॅटच, म्हणजे गादीवरची कुस्तीच, गाठावी लागते.

आणि नुसत्या मातीत वाढलेला पोरगा मॅटवर फसतो. मातीत पालथं पडून दम खाल्ला तरी चालतं, पाठ लागेपर्यंत कुस्ती जिवंत असते. मॅटवर समोरच्यानं पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली घेतलं की 2 गुण गेले, रेषेबाहेर पाय पडला की 1, आणि 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. वेळ 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षापासून आठवड्यातले निम्मे दिवस मॅटवर घालवायचे, बूट घालून.