शिधा संपला की मोहीम संपली

अँग्लो-सॅक्सन इंग्लंडच्या सैन्याविषयी पुष्कळ वर्षे माझी समजूत अशी होती की, शत्रू आला की गावोगावचे शेतकरी विळे-कोयते घेऊन धावत आणि त्यांच्या पुढे राजाचे मोजके कसलेले योद्धे उभे राहत. या समजुतीला पहिला तडा गेला तो बीड या मठवासी इतिहासकाराने सांगितलेल्या इम्माच्या हकिकतीने.

इ. स. ६७९ मध्ये ट्रेंट नदीकाठी नॉर्थंब्रिया आणि मर्सिया या राज्यांची लढाई झाली. तीत घायाळ होऊन प्रेतांमध्ये पडलेला इम्मा पुढे शत्रूच्या हाती लागला. आपण राजाचे थेन, म्हणजे शस्त्रधारी सरदार-सेवक आहोत हे लपवण्यासाठी त्याने सांगितले, ‘मी गरीब, लग्न झालेला शेतकरी, सैनिकांना शिधा पोचवायला आलो होतो.’ पकडणाऱ्या सरदाराने त्याच्या जखमांवर उपचारही करवले; पण चेहरा, वागणे आणि बोलणे यांवरून लोकांनी त्याला ओळखलेच. त्या सरदाराचे भाऊबंद याच लढाईत पडले होते, तरीही दिलेल्या अभयवचनाला जागून त्याने इम्माला मारले नाही. लंडनमध्ये एका फ्रिझियन व्यापाऱ्याला विकून टाकले. (रात्री त्याच्या बेड्या आपोआप गळून पडत, हा चमत्कार बीडला अधिक महत्त्वाचा वाटतो; मला ती थाप महत्त्वाची वाटते.) शेतकरी सैन्याबरोबर असणे नवलाचे नव्हते, तो लढवय्या नसणेही नवलाचे नव्हते, आणि म्हणूनच ती थाप काही काळ तरी पचली.

मात्र वेसेक्स या दक्षिणेकडील राज्याचा राजा इनी याच्या कायद्यात फिर्ड, म्हणजे राजाची लष्करी मोहीम किंवा तिच्यासाठी जमणारी फौज, चुकवणाऱ्या साध्या स्वतंत्र शेतकऱ्यालाही ३० शिलिंग दंड आहे. जमीनदार सरदाराला १२० शिलिंग, शिवाय जमीन जप्त. त्या शेतकऱ्याने मोहिमेत भाला धरायचा की पोती वाहायची, हे कायदा सांगत नाही.

पुढील काळातील हिशेब अधिक स्पष्ट आहे. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत बर्कशायरची जुनी वहिवाट दिली आहे. हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन. राजाने फौज काढली की पाच हाइडांमागे एकच सैनिक जाई आणि त्याच्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी प्रत्येक हाइडने चार शिलिंग द्यायचे, म्हणजे एकूण वीस. हे पैसे राजाकडे जात नसत. थेट त्या माणसाच्या हातात पडत. ज्याच्यासाठी पाच घरे पदरमोड करतात, तो ऐन वेळी नांगर सोडून आलेला अडाणी गडी असेल, असे मला वाटत नाही. पंचांग पाहिले तर तो अर्धवेळ सैनिक. कसबाच्या बाबतीत तसे म्हणवत नाही.

खरी अडचण मुदतीची होती. वेसेक्सच्याच आल्फ्रेड राजाने सैन्याचे दोन भाग केले: अर्धे घरी, अर्धे मोहिमेवर, गढ्यांची शिबंदी या पाळीबाहेर. तटाच्या दर साडेपाच यार्डांना चार माणसे असा शिबंदीचा हिशेब होता आणि त्यासाठी हाइडमागे एक माणूस धरला जाई; विंचेस्टर या गावाच्या वाट्याला २,४०० हाइड, म्हणजे तितकीच माणसे येत. योजना नेटकी होती, पण ८९३ मध्ये तिची फट दिसली. डेन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या स्वारीखोरांची एक फौज कोल्न नदीतील थॉर्नी या बेटावर वेढली गेली होती, त्यांचा राजा जखमी असल्यामुळे त्यांना हलताही येत नव्हते. पण वेढा घालणाऱ्यांची मुदत भरली, जवळचे अन्न संपले आणि ते घरी निघाले. बदलीची तुकडी घेऊन आल्फ्रेड अजून वाटेतच होता.

पूर्णवेळ पगारी माणसे अकराव्या शतकात ठळकपणे दिसतात. १०१२ पासून सैन्यासाठी हेरेगेल्ड नावाचा वेगळा कर बसला आणि १०१६ नंतर इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या डेन राजा क्नूटबरोबर हाउसकार्ल, म्हणजे राजाच्या पदरचे पगारी योद्धे आले. तरी त्यांच्यातल्या काहींच्या नावावर पुढे जमिनी आढळतात. उलट, थेन मेला की त्याच्या वारसाने राजाला घोडे, तलवारी, भाले, ढाली, शिरस्त्राण आणि चिलखत परत करायचे, असा क्नूटचा कायदा होता. शस्त्रे मुळात धन्याने दिलेली, ही जुनी जाणीव त्यात उरलेली दिसते. आपल्या बारगीर-शिलेदारांच्या हिशेबात हा थेन चटकन कुठे बसवता येत नाही.

हेरेगेल्ड १०५१ मध्ये रद्द झाला. १०६६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडचा राजा हॅरल्ड याने चाल करून येणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमची वाट पाहत दक्षिण किनाऱ्यावर फिर्ड उभे ठेवले, ते सगळा उन्हाळा आणि वर सप्टेंबरचा पहिला आठवडा. ८ सप्टेंबरला शिधा संपला, तेव्हा माणसांना घरी जाऊ देण्यात आले आणि जहाजे लंडनकडे वळवली गेली. विल्यम पेव्हन्सीला उतरला तो २८ तारखेला. तेव्हा तो किनारा राखायला फिर्ड नव्हते आणि हॅरल्ड दूर उत्तरेत, तीन दिवसांपूर्वीच नॉर्वेच्या राजाशी लढून मोकळा झाला होता.