हक्क कुठला, उपकार कुठला

नोव्हेंबर लागला की इथे अमेरिकेत, मी शिकवते त्या शाळेच्या भिंतीवर खाकी कागदाचं एक झाड उभं राहतं. आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते प्रत्येक मुलानं कागदी पानावर लिहायचं आणि ते पान झाडाला चिकटवायचं. यंदा माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीनं कोरंच पान चिकटवलं. तिची आई दोन ठिकाणी राबते, तरी भाडं भागत नाही. शाळेच्या वरिष्ठांकडून निरोप आला, "तिच्याकडून काहीतरी लिहून घ्या. डोक्यावर छप्पर आहे, शाळा आहे, निदान एवढं तरी लिहू दे."

माझं डोकंच फिरलं. हे वाक्य मी लहानपणापासून कर्नाटकात गेलेल्या आमच्या मराठी बेळगावात ऐकत आले आहे. "मराठी शाळा दिल्यात ना तुम्हाला? मग आणखी काय पाहिजे?" ज्याच्या हातात कमी आहे त्यालाच आधी आभार मानायला लावायचं, ही रीत मॅसॅच्युसेट्समध्येही भेटेल असं वाटलं नव्हतं.

माझ्यासोबत शिकवणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी मात्र त्या मुलीला एक शब्दही लिहायला लावला नाही. त्यांचा नियमच आहे की आधी वाचायचं आणि मग लिहायचं. वाचायचं तेही खरं घडलेलं, म्हणजे पत्रं, भाषणं, आठवणी, लेख. पेन्सिल हातात घेऊन मुलं तीन गोष्टी शोधतात: कुणी मुद्दाम काय केलं, ते करताना त्याचं स्वतःचं काय गेलं, आणि दुसऱ्याच्या पदरात काय पडलं. ही तिन्ही उत्तरं सापडल्याशिवाय 'थँक यू' लिहायचं नाही. "मी माझ्या कुटुंबाबद्दल कृतज्ञ आहे" असं वाक्य आलं की बाई वही परत करतात. कुटुंबातल्या कुणी, कुठल्या दिवशी, काय केलं ते लिहून आण, म्हणतात.

ह्यामागे अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यातल्या काही वर्गांनी दोन आठवडे रोज पाचपर्यंत चांगल्या गोष्टींची यादी केली होती. पण मला पटतं ते २०१४ चं काम. त्यात आणखी लहान मुलांना समोरच्याचा हेतू, त्याला पडलेली किंमत आणि आपल्याला झालेला लाभ ह्यांचा विचार करायला शिकवलं होतं. यादी करणं सोपं आहे. समोरच्याला काय किंमत पडली हे ओळखायचं तर त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं, आणि बारा वर्षांच्या पोराला तिथवर न्यायला खऱ्या माणसाची खरी हकीकत लागते. नुसत्या सुविचारानं ते होत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाच्या आधी आम्ही एडवर्ड विन्स्लोचं डिसेंबर १६२१ चं पत्र वाचलं. विन्स्लो हा इंग्लंडहून प्लिमथला येऊन वसलेल्या 'पिल्ग्रिम' लोकांपैकी एक. त्या पहिल्या सुगीच्या मेजवानीचं वर्णन त्यात आहे. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचा राजा मॅसॅसॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. मका पेरताना 'इंडियनां'च्या, म्हणजे ह्या मूळ रहिवाशांच्या पद्धतीनं शेतात मासे खत म्हणून घातले, असंही विन्स्लो लिहितो. मुलांनी सगळं अधोरेखित केलं आणि मग एकानं विचारलं, मासे घालायला शिकवलं कुणी? त्या वाक्यात नाव नाही. भरल्या घराबद्दल पत्रात देवाचे आभार आहेत, शिकवणाऱ्याचे नाहीत.

त्यानंतर त्याच वाम्पानोआग समाजाच्या फ्रँक जेम्स ह्यांचं भाषण घेतलं. १९७० मध्ये, पिल्ग्रिम लोक येऊन ३५० वर्षं झाली म्हणून झालेल्या समारंभात त्यांना बोलायला बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी मागवून घेतलं आणि वाचल्यावर ते नाकारलं. जेम्स समारंभाला गेले नाहीत. प्लिमथच्या टेकडीवर मॅसॅसॉइटच्या पुतळ्याजवळ माणसं जमली, तिथे ते बोलले. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला तिथे शोकदिन पाळतात. गावभर मेजवान्या चालू असताना काही लोक थंडीत उभे राहून सांगतात की आमच्यासाठी हा दिवस वेगळा आहे.

बेळगावकरांना मी आणखी काय सांगायचं? १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि ढोल, आणि दुसऱ्या रस्त्यावर बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून दंडाला काळ्या फिती. माझे आजोबा १९५६ पासून दरवर्षी त्या फेरीत चालले. वाम्पानोआग लोकांचा तर सगळा मुलूखच गेला, आपलं दुःख त्या मापाचं नाही हे मला कळतं. पण एकाच दिवसाचे दोन अर्थ असतात, हे मी वर्गात ज्या खात्रीनं शिकवलं ती पुस्तकातून आलेली नव्हती.

हे सगळं मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या वहिनीला सांगितलं. तिनं चार दिवसांत सातवीवर करूनच बघितलं. वाचायला घेतले पु.लं.च्या 'रावसाहेब'मधले उतारे, रावसाहेबांच्या शिव्या वगळून. निवड अचूक होती. पु.ल. काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. तिथल्या कृष्णराव हरिहरांवर, म्हणजेच रावसाहेबांवर, त्यांनी जे लिहिलं, तो लेख म्हणजे एका माणसानं दुसऱ्याचं मानलेलं ऋण आहे. आणि त्यात कानडी हेल काढून मराठी बोलणारा माणूस आपल्याच गावचा आहे. मुलांना त्याचा आवाज ओळखीचा वाटला.

मग मुलांनी पत्रं लिहिली. वहिनीनं फोटो काढून पाठवली, मी रात्री जागून वाचली. जांबोटीकडच्या एका मुलानं बसच्या कंडक्टरला लिहिलंय: "पावसात नाल्याला पाणी आलं की आम्हाला स्टॉपवर यायला वेळ लागतंय. तुम्ही लांबून छत्र्या बघता आणि शिट्टी मारत नाही. पुढच्या गावची माणसं तुम्हाला उशिरा आलं म्हणून बोलतात, ते मी ऐकलंय. तुम्हाला मराठी येत नाही. मला कन्नड थोडं थोडं येतंय." एका मुलीनं कन्नडच्या टीचरना लिहिलंय, की शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हाला वाचायला बसवता आणि तुमची पाचची गाडी चुकते.

माझ्या इथल्या मुलांची पत्रं चांगली होती. ही जास्त चांगली आहेत, आणि आपली मुलं आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. दुसऱ्याची किंमत मोजायला ह्या मुलांना शिकवावं लागलं नाही, फक्त तशी जागा करून द्यावी लागली.

घरच्या ग्रुपवर मात्र काकांचा लगेच मेसेज आला. "आता कन्नडवाल्यांचे आभार मानायला शिकवा पोरांना. हेच राहिलं होतं. तू तिकडं बसून सांगणार, आणि आम्ही इथं भोगणार."

काका, तुमचा राग मला परका नाही. १९८६ ची कन्नडसक्ती तुम्ही अंगावर झेलली, त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकापाशी मला बोट धरून तुम्हीच नेलं होतं. पण पत्रं नीट वाचा की. एकाही मुलानं सरकारचे आभार मानलेले नाहीत. मराठी शाळेचे मानलेले नाहीत, आणि मानायचेही नाहीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हे १९५६ मध्येच घटनेत कलम ३५०-अ म्हणून आलं. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हेही ठरलेलं आहे. ती मेहेरबानी नव्हे. ते मागताना मान खाली घालायचं कारण नाही, आणि मिळालं तर हात जोडायचंही नाही. पण भर पावसात शिट्टी न मारता उभा राहणारा कंडक्टर कुठल्याच कलमात नाही. ते त्यानं स्वतःच्या जिवावर केलं. त्याचे आभार मानल्यानं सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात लावलेला दावा कमजोर होत नाही.

उलट, हा फरक कळलेलं मूल उद्या तहसीलदारासमोर जास्त ताठ उभं राहील, असं मला वाटतं.

आणि गाव सोडून गेलेल्यांनी बोलू नये, हे मला मान्य नाही. बेळगावची निम्मी पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली, त्यांना हे कुणी ऐकवत नाही. मी मराठी माध्यमात शिकले आणि आज इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. तो मान मी त्या शाळेच्या बाकावरच मिळवला, आणि त्या बाकाबद्दल बोलायचा हक्क मी ठेवून घेतला आहे.

त्या मुलीचं कोरं पान आम्ही झाडावरून काढू दिलं नाही. बाई स्वतः वरिष्ठांशी बोलल्या. वाचन झाल्यावर त्या मुलीनं एक पत्र लिहिलं. ते तिच्या आईसाठी होतं, भिंतीसाठी नव्हतं, म्हणून आम्हीही ते वाचलं नाही.

वहिनी आता टिळकवाडीची काँग्रेस विहीर घेणार आहे. काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाला आलेल्या माणसांना पाणी मिळावं म्हणून ती खोदली. गांधीजी अध्यक्ष होते आणि गंगाधरराव देशपांड्यांनी सगळं उभं केलं, एवढं प्रत्येक पुस्तकात सापडतं. पण विन्स्लोच्या पत्रातल्यासारखीच इथे अडचण आहे: कुदळ कुणी मारली, माती कुणी वाहिली? कुणाच्या घरी त्याबद्दल जुनं पत्र, आठवण किंवा सार्वजनिक वाचनालयातल्या एखाद्या अंकातलं कात्रण असेल, तर फोटो काढून पाठवा. सातवीच्या मुलांना झेपेल एवढं, एका पानाचं असलं तरी चालेल. जानेवारीत त्यांना ते वाचायचं आहे.