जेटीच्या सात पायऱ्या

नववीत असताना आम्ही पाच जणांनी स्नेहसंमेलनासाठी छोटा थरारपट करायचं ठरवलं. वहीत लिहिलेल्या पहिल्याच मिनिटात एक प्रेत, दोन किंकाळ्या आणि तोंडाला काळं फडकं बांधलेला माणूस होता. भूगोलाच्या बाईंनी वही शांतपणे वाचली. म्हणाल्या, "यानं लोक दचकतील रे. पण त्यांचा जीव टांगणीला कधी लागणार?"

मग त्यांनी थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचा दाखला दिला, १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोशी बोलताना त्यानं सांगितलेला. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक १५ सेकंद हादरतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसं मात्र निवांत गप्पा मारत राहिली, तर पुढची १५ मिनिटं त्याला चैन पडत नाही.

पण आम्ही बॉम्ब आणणार कुठून?

"खाडी आहे ना," बाई म्हणाल्या.

कोकणातल्या वाघोटणच्या खाडीकाठी वाढलेल्या आम्हाला हे सुचू नये! आमचा नायक ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर जाणार, कपारीत लपवलेला पत्र्याचा डबा शोधणार, पाठ किनाऱ्याकडे. मध्ये मध्ये कॅमेरा फक्त जेटीच्या पायऱ्या दाखवणार. आधी सात उघड्या, मग पाच, मग तीन. परतीची वाट बुडतेय हे प्रेक्षकाला दिसतंय, नायकाला नाही. प्रेत, किंकाळ्या, काळं फडकं, सगळं मी स्वतः खोडलं. त्या खोडण्यात मला जे कळलं, ते पुढे चित्रपटाचं शिकायला गेल्यावरही इतक्या लख्ख कुणी दाखवलं नाही.

पहिल्या रविवारी अमावास्या होती. सकाळी सातला पायऱ्या उघड्या, शेवाळलेल्या. नायकाचं खडपावर जाणं टिपलं. होडीवाले काका होडी घेऊन चौकटीबाहेर उभे राहीपर्यंत बाईंनी कॅमेरा सुरू करू दिला नव्हता. पाणी चढायला लागलं आणि मोबाइलची बॅटरी संपली.

पुढच्या रविवारी त्याच वेळी गेलो, तर खालच्या पायऱ्या पाण्यात, आणि पाणी चढायच्या ऐवजी उतरत होतं. काका म्हणाले, "आज अष्टमी, भांगाचा पाणी. पुनवेक येवा." भांग म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस. बाईंनी तिथेच वाळूत काडीनं गणित मांडलं: भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आठवड्यात सहा तासांचा फरक. अमावास्येला सातला जिथे ओहोटी, तिथे अष्टमीला त्याच वेळी जवळजवळ भरती. भूगोलाच्या पुस्तकातला तो धडा मी पाठ केला होता, पण मला तो कळला त्या वाळूत.

पौर्णिमेला उधाण आलं आणि हवं ते सगळं मिळालं. त्यातला एक तुकडा अजून डोळ्यांसमोर आहे: चौथ्या पायरीच्या फटीतून एक छोटा खेकडा बाहेर येतो, थांबतो, वरच्या पायरीवर सरकतो, आणि तो होता तिथे पाणी येतं. हे आम्ही लिहिलंच नव्हतं. संगीत घालायचा मोह झाला होता. बाईंनी नको म्हटलं, म्हणून दगडावर आपटणाऱ्या पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा ठेवला.

संमेलनाला सभागृहात अंधार करून पडदा लावला. सात पायऱ्या गेल्या, पाच गेल्या. तीन उरल्या तेव्हा मागच्या रांगेतून कुणाची तरी आजी ओरडली, "रे झिला, पाठी बघ, पाणी इला!"