इंदूरच्या गच्च्यांवरील जुने ॲन्टेने : नोंद सहावी

दिवाळीनंतरचे सगळे रविवार मी रामबाग, टिळकनगर आणि राजेंद्रनगर या तीन भागांना दिले, आणि आता वहीत एकंदर 34 ॲन्टेन्यांची नोंद झाली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. घरांवर अजून उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या जुन्या ॲन्टेन्यांची दिशा होकायंत्राने मोजायची, ती रेषा शहराच्या नकाशावर काढायची, आणि दूरदर्शनचे चित्र कोणत्या घरात कोणत्या वाटेने येत होते हे त्यावरून ठरवायचे, असे हे काम आहे. दूरदर्शनचा प्रक्षेपण मनोरा कुठे आहे हे प्रत्येक इंदूरकराला ठाऊक असताना रेषा काढण्याचा खटाटोप कशाला, असे मला दोघा मित्रांनी विचारले. मला मनोरा शोधायचा नाही. मनोऱ्याकडे न पाहणारे ॲन्टेने शोधायचे आहेत.

मोजणीच्या पद्धतीत एक सुधारणा केली आहे. पूर्वी मी ॲन्टेन्याच्या खांबाशी उभे राहून होकायंत्र वाचत असे, आणि लोखंडी खांब व स्लॅबमधील सळया यांमुळे सुई भरकटत असे. आता मी शेजारच्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरून, ॲन्टेन्याची मधली दांडी डोळ्यांच्या रेषेत आणून, खांबापासून दूर उभा राहून वाचन घेतो आणि तेच वाचन उलट बाजूने पुन्हा घेतो. इंदुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहून कमी असल्यामुळे त्याची दुरुस्ती मी करत नाही. पुढची बाजू ओळखणे सोपे आहे: सर्वांत लांब आडवी काडी मागे असते, तिच्यापुढे घडीचा डायपोल, म्हणजे लहर पकडणारी व तारेला जोडलेली काडी, आणि त्यापुढे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या काड्या. आखूड काड्यांचे टोक ज्या दिशेला, तिकडून चित्र येत असे.

34 पैकी 27 ॲन्टेने मनोऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंस 12 अंशांच्या आत आहेत. हा फरक वारा, वानरे आणि पतंगांचे मांजे यांनी पडला असेल असे मी आधी धरले होते, पण आता माझे मत बदलले आहे. असा पाच काड्यांचा ॲन्टेना (याला यागी म्हणतात) समोरच्या सुमारे 50 अंशांच्या पट्ट्यातील लहरी चांगल्या घेतो, त्यामुळे दहा-बारा अंश चुकला तरी पडद्यावर मुंग्या वाढत नसत, आणि चित्र स्वच्छ दिसले की वर चढलेला माणूस नट आवळून खाली येत असे. म्हणजे ही चूक नंतरची नसून पहिल्या दिवसाचीच असावी. मनोऱ्यापासून 4 किलोमीटरवरच्या घरात 8 अंशांचा फरक नकाशावर सुमारे 560 मीटरचा होतो. एकट्या ॲन्टेन्यावरून काही सिद्ध करू नये, हे त्यावरून पटते.

उरलेल्या सातांपैकी चार मोडकळीस आलेले आहेत आणि त्यांच्या दिशेवर भरवसा ठेवता येत नाही. परंतु रामबागेतील एकाच गल्लीतले तीन ॲन्टेने मनोऱ्यापासून सुमारे 35 ते 40 अंश वळलेले आहेत, आणि तिन्ही एकाच बाजूला. या हिवाळ्यातील माझा सर्व आनंद या तिघांत आहे.

त्यांपैकी एका घरातील आजींना मी विचारले. त्या म्हणाल्या, “अरे, बातम्या देणाऱ्या बाईच्या शेजारी तिची सावली बसलेली असायची. चांगली दोन बोटं उजवीकडे. समोरची मोठी इमारत झाली तेव्हापासून. मग ह्यांनी वर जाऊन ॲन्टेना फिरवला, आणि ती सावली गेली.” चित्र फिके झाले का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की मुळीच नाही.

या चार वाक्यांत मला हवे असलेले सगळे होते. इमारतीवर आपटून येणारी परावर्तित लहर मनोऱ्याहून थेट येणाऱ्या सरळ लहरीपेक्षा उशिरा पोहोचते, म्हणून तिचे चित्र नेहमी उजवीकडे सरकलेले दिसते. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या पाल या ॲनालॉग प्रक्षेपण पद्धतीत 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रे असत, आणि एका ओळीचा दिसणारा भाग सुमारे 52 मायक्रोसेकंदांत रेखला जाई. वीस इंची संचाचा पडदा साधारण 40 सेंटिमीटर रुंद धरला, तर एक सेंटिमीटर म्हणजे 1.3 मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात लहर 390 मीटर जाते. दोन बोटे म्हणजे तीन सेंटिमीटर धरल्यास परावर्तित लहरीने सुमारे 1,170 मीटर जास्त प्रवास केला होता. नकाशावर मनोरा आणि आजींचे घर या दोन बिंदूंना नाभी मानून, एवढा जास्तीचा प्रवास देणारा लंबवर्तुळ मी काढला, आणि आजींनी दाखवलेली इमारत त्या रेषेच्या दीडशे मीटर आत निघाली. कित्येक दशकांपूर्वीच्या आठवणीतली बोटे मोजपट्टी म्हणून वापरली असताना यापेक्षा चांगले उत्तर मला अपेक्षित नव्हते.

तिन्ही ॲन्टेने त्या इमारतीपासून दूर वळलेले आहेत. त्यामागचे कारणही सुंदर आहे: शहरात मनोरा जवळ असल्याने सरळ लहर भरपूर मिळत होती, तिचा थोडा भाग गमावला तरी चालत होते, परंतु ॲन्टेना वळवल्यावर इमारतीकडून येणारी लहर त्याच्या बहिऱ्या बाजूला पडली. ज्यांनी हे केले त्यांनी आकृत्या पाहिल्या नव्हत्या, केवळ पडद्याकडे पाहून त्यांनी हे साधले.

काड्यांची लांबी मला अकरा ठिकाणी प्रत्यक्ष मोजू दिली गेली. डायपोलची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर 143 ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे. माझे अकराही डायपोल 70 ते 78 सेंटिमीटरांच्या दरम्यान आहेत, म्हणजे ते 174 ते 230 मेगाहर्ट्झच्या, दूरचित्रवाणीच्या तिसऱ्या पट्ट्यासाठी कापलेले आहेत. त्या पट्ट्यात संगणकाला जोडायचा छोटा एसडीआर रिसीव्हर (हव्या त्या वारंवारितेच्या लहरी संगणकावर दाखवणारे यंत्र) लावून मी एक पूर्ण संध्याकाळ बसलो, आणि अपेक्षेप्रमाणे खरखरीखेरीज काही मिळाले नाही. मोक्याच्या सुमारे 50 ठिकाणांचा अपवाद वगळता देशातील ॲनालॉग प्रक्षेपण 2022 पर्यंत बंद झाले आहे. 1984 मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता, हे आठवले की ती रिकामी पट्टी पाहताना जीव थोडा हळहळतो.

फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने ज्या 16 शहरांत डीव्हीबी-टी2 ही डिजिटल भूप्रक्षेपण पद्धत आणली, त्यांत भोपाळबरोबर इंदूरही होते. त्या पद्धतीत सावली दिसतच नाही, कारण प्रत्येक संकेतखंडाच्या आधी राखलेल्या अंतरात उशिरा येणाऱ्या लहरी सामावल्या जातात. रामबागेतील त्या तीन गृहस्थांचे कौशल्य तिथे लागलेच नसते. 500 मेगाहर्ट्झला डायपोल 28.6 सेंटिमीटरांचा होतो, तेव्हा ही डिजिटल लहर घेण्यासाठी एका मोडक्या ॲन्टेन्याच्या काड्या कापून मी तसा यागी बांधायला घेतला आहे. त्याचे वाचन पुढच्या नोंदीत देईन.

तुलनेसाठी मी उपग्रहाकडे पाहणाऱ्या सोळा डिश छत्र्याही मोजल्या. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या मोफत सेवेचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेस आहे, आणि इंदूरहून त्याची दिशा उत्तरेपासून 140.5 अंश व उंची 56.8 अंश येते. रामबाग असो वा राजेंद्रनगर, या आकड्यांत फरक पडतो तो अंशाच्या शतांशांत. इंदूर केंद्रात तयार झालेला कार्यक्रम डीडी मध्यप्रदेशवर लागतो तेव्हा तो सुमारे 36,700 किलोमीटर दूरच्या उपग्रहावरून आपल्या गच्चीवर उतरतो, आणि भोपाळ, ग्वाल्हेर किंवा मुंबईचा कार्यक्रमही त्याच बिंदूवरून येतो. याच छत्रीने आमच्या घरांत सह्याद्री वाहिनी आणली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र छत्रीकडे पाहून आपले केंद्र कुठे आहे ते कळत नाही, आणि ॲन्टेन्याकडे पाहून कळते. म्हणून ते भंगारात जाण्याआधी मोजणे मला निकडीचे वाटते.

एका वाचकाने विचारले होते की राज्यात दूरदर्शन आधी मनोऱ्यावरून आले की उपग्रहावरून. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या काळातील, उपग्रहावरून खेड्यांना दूरदर्शन दाखवण्याच्या ‘साइट’ प्रयोगात ज्या सहा राज्यांच्या 2,400 खेड्यांत संच बसवले गेले, त्यांत तेव्हाचे मध्यप्रदेशही होते, आणि त्यातील रायपूरच्या बाजूची खेडी आज छत्तीसगडमध्ये आहेत. तिथे एटीएस-6 उपग्रहाची 860 मेगाहर्ट्झवरील लहर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या छत्रीवर थेट घेतली जात असे. अशी एखादी जाळीची छत्री कोणाच्या परड्यात उरली असल्यास मला अवश्य कळवावे.

आजींच्या घराला होळीआधी रंग द्यायचा आहे आणि त्या वेळी ॲन्टेना उतरवला जाणार आहे. खांबावरील नटाची खूण आणि दिशा मी दोनदा मोजून ठेवली आहे. येत्या रविवारी काड्यांची मापे घेऊन, उतरवताना त्यांच्या मुलाला हात देण्याचे मी कबूल केले आहे.