बॉडीवर भागत नाही

थंडी पडली, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाहुणे पक्षी उतरले, की नाशिकच्या हौशी फोटोग्राफरला हातातला कॅमेरा जुनाट दिसायला लागतो. फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचं ठरतं. घरी सांगितली जाते ती फक्त बॉडीची, म्हणजे लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्याची किंमत. खोटी नसते, अपुरी असते.

पहिला फटका पक्ष्यांच्या फोटोलाच बसतो. निकॉनच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ५०० मिमीची लेन्स ७५० मिमीसारखी चौकट देते. तीच फुल फ्रेमवर लावली की ५०० ची ५००च. तिथल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून कालपर्यंत फ्रेम भरणारा चक्रवाक एकदम पार पलीकडच्या काठाला गेल्यासारखा वाटतो. कडा कापून मधलाच भाग घेणारा क्रॉप मोड आहे म्हणा, पण २४ मेगापिक्सेलमधले तिथे जेमतेम १० उरतात. मग लांब लेन्स आली आणि तिच्या वजनाने डुलणारा ट्रायपॉडही बदलणं आलं.

जुन्या लेन्स अडॅप्टरवर, म्हणजे मधे बसवायच्या जोडकड्यावर चालतील, असं दुकानात सांगतात. चालतात, पण सगळ्या नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी या स्वतःची मोटर असलेल्या लेन्स व्यवस्थित फोकस करतात. त्याआधीच्या एएफ-डी लेन्स फिरवणारी मोटर मात्र जुन्या बॉडीत असायची. ती ना अडॅप्टरमध्ये, ना नव्या बॉडीत. त्यामुळे लाडकी ५० मिमी एएफ-डी हाताने फिरवत बसायचं.

बॅटरीचं गणित तर कुणी काढतच नाही. सीपा या कॅमेरा उद्योगाच्या संस्थेच्या पद्धतीने मोजलं, तर निकॉनचा जुना डी७२०० एका चार्जवर १११० फोटो देतो, मिररलेस झेड६ फक्त ३१०. बर्स्टमध्ये, म्हणजे सलग धडाधड काढले तर जास्त निघतात, हे खरं. पण पहाटेपासून व्ह्यूफाइंडरच्या छोट्या स्क्रीनला डोळा लावून बसलं, तर फोटो न काढताही बॅटरी उतरते. दोन जादा बॅटऱ्या धरूनच चाला.

४५ मेगापिक्सेलवर उडी मारली, तर लॉसलेस रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती, काहीही न गमावता दाबलेली) साधारण ५० एमबीची होते. लग्नाचे २००० फोटो म्हणजे १०० जीबी, बॅकअपसह २००. जुनं, कमी वेगाचं यूएचएस-वन कार्ड घातलं तर बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) रिकामा व्हायला वेळ लागतो आणि थवा उडतो त्याच क्षणी शटर अडतं. फोटो एडिट करायला एकदाच पैसे भरून घेतलेलं ॲडोबीचं जुनं लाइटरूम ६ असेल, तर नव्या कॅमेऱ्याची रॉ त्यात उघडतच नाही. ती रॉ लाइटरूमला वाचता येईल अशा डीएनजी फाइलमध्ये बदलणारा ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, फक्त दर खेपेला एक काम वाढतं.

फिल्टरवर मात्र पैसे वाचतात. ७७ मिमीचा एकच घ्यावा आणि ६७ च्या लेन्सला तो बसवायला स्टेप-अप रिंग, म्हणजे माप वाढवणारं कडं लावावं. त्यावर लेन्स हूड, म्हणजे ऊन अडवणारी झापड बहुधा बसत नाही, तेवढं सोसावं.

बॉडी एक दिवस भाड्याने घेऊन बघावी. लेन्स आपली, कार्ड आपलं, आणि संध्याकाळी फाइल उघडायच्या त्याही घरच्याच कॉम्प्युटरवर. उघडल्या तर.